बीट, पालक आणि त्यांचे गणगोत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीसारख्या उसाच्या जिल्ह्यात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्याला बीटविषयी इतके प्रश्न विचारले जातील, अशी कल्पना पहिल्या वर्षी मला नव्हती. विद्यार्थी रंगाविषयी विचारतात, त्यांच्या आया रक्तवाढीविषयी विचारतात आणि वडील बहुधा एकाच गोष्टीवर येतात : उसाऐवजी हे पीक चालेल का? पुन्हा पुन्हा आलेल्या या प्रश्नांची उत्तरे, संशोधनातून जे पक्के हाती आले आहे तेवढ्यापुरती, येथे एकत्र दिली आहेत.

कोशिंबिरीचे बीट आणि साखरेचे बीट वेगवेगळ्या वनस्पती आहेत का?

नाहीत. दोन्ही एकाच जातीची आहेत. लिनियसने १७५३ मध्ये या जातीला बीटा व्हल्गॅरिस हे नाव दिले. तिच्यात लागवडीचे चार गट मानले जातात : आपण खातो ते लाल बीट, पांढऱ्या गाठीचे शुगरबीट, जनावरांच्या वैरणीसाठी युरोपात लावले जाणारे मोठे बीट आणि केवळ पानांसाठी लावले जाणारे बीट. या चारही गटांची रोपे एकमेकांशी सहज संकर पावतात, कारण सर्वांच्या पेशीत गुणसूत्रांच्या नऊच जोड्या असतात.

या सर्वांचा रानटी पूर्वज म्हणजे समुद्रकाठचे बीट. युरोपचा अटलांटिक किनारा आणि भूमध्य समुद्राचा काठ येथे, भरतीच्या खाऱ्या पाण्याचे शिंतोडे अंगावर घेत, खडीवाळूत ते आजही उगवते. त्याचे मूळ बोटाएवढे, कडक आणि फाटे फुटलेले असते. ते पाहून कोणालाही कोशिंबिरीची आठवण होणार नाही. परंतु खारे पाणी आणि थंड हिवाळा या दोन गोष्टींची सवय बीटला या पूर्वजाकडून मिळाली आहे, आणि पुढच्या निम्म्याहून अधिक प्रश्नांची उत्तरे या दोन सवयींपाशीच येऊन थांबतात.

बाजारात मिळणारा पालक हा खरोखर बीटचा प्रकार आहे का?

होय, आणि हे उत्तर ऐकून वर्गात दर वर्षी कुजबुज होते. आपल्या मंडईत जुडीने मिळणारा देशी पालक हा बीटा व्हल्गॅरिसचाच, बेंगालेन्सिस नावाने ओळखला जाणारा प्रकार आहे. इंग्रजी पुस्तकांत ज्याला स्पिनॅच म्हणतात तो स्पिनेशिया ओलेरेशिया, म्हणजे आपल्याकडचा विलायती पालक. तो याच कुळातला असला तरी निराळ्या प्रजातीचा आहे. त्याची नर आणि मादी झाडे बहुधा वेगवेगळी असतात. देशी पालकाच्या मात्र प्रत्येक फुलात पुंकेसर आणि बीजांडकोश दोन्ही असतात.

खात्री करून घ्यायची असेल तर कृषी सेवा केंद्रातून देशी पालकाचे आणि लाल बीटचे थोडे थोडे बी आणून दोन तळहातांवर ठेवावे. दोन्ही सारखीच दिसतात : मातकट रंगाची, खडबडीत, कोपरे निघालेली, वाळलेल्या चिखलाच्या खड्यासारखी. माझ्या टेबलावर या दोन पुड्यांची एकदा अदलाबदल झाली, आणि कोणती कोणाची हे कळण्यासाठी रोपे उगवून देठ रंगेपर्यंत थांबावे लागले.

आपल्या देशातील पैदासकारांनी या नात्याचा उपयोगही करून घेतला आहे. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या हिमाचल प्रदेशातील कटराईन केंद्रात शुगरबीट आणि स्थानिक पालक यांच्या संकरातून 'पुसा हरित' हा वाण तयार झाला. 'पुसा ज्योती' हा वाण 'ऑल ग्रीन' या जुन्या वाणाची गुणसूत्रे कोल्चिसीन या रसायनाने दुप्पट करून मिळवलेला आहे; त्याची पाने जाड आणि रसरशीत असतात ती त्यामुळेच. पालक आणि बीट या दोहोंचे परागकण वाऱ्याने दूरवर जातात, म्हणून बीजोत्पादन करणाऱ्याने ही दोन पिके शेजारी कधीही फुलू देऊ नयेत.

चाकवत, चंदनबटवा, राजगिरा हेही बीटचेच भाऊबंद का?

होय. चाकवत, चंदनबटवा, माठ, राजगिरा, कोंबड्याचे फूल आणि अलीकडे दुकानांत दिसणारा किनोआ ही सर्व बीटच्या कुळातील मंडळी आहेत. पूर्वी चाकवताचे आणि राजगिऱ्याचे कुळ वेगळे मानले जाई. १९९८ मध्ये सपुष्प वनस्पतींचे वर्गीकरण डीएनएच्या आधारे नव्याने मांडले गेले, तेव्हा ही दोन कुळे एकत्र करण्यात आली. काही अभ्यासक ती अजूनही वेगळी ठेवतात.

या कुळात एक गंमत आहे. प्रकाशसंश्लेषणाच्या दोन प्रमुख पद्धतींपैकी उष्ण हवेला आणि तीव्र उन्हाला मानवणारी सी-फोर पद्धत ऊस, ज्वारी आणि मका यांच्याकडे असते. राजगिऱ्याकडेही तीच पद्धत आहे. त्याचेच भाऊबंद असलेले बीट, पालक आणि चाकवत मात्र गव्हाप्रमाणे सी-थ्री पद्धतीचे आहेत. म्हणजे अन्न तयार करण्याच्या रीतीपुरता राजगिरा बीटपेक्षा उसाला जवळचा आहे. ऐन एप्रिलच्या उन्हात राजगिरा तरारलेला आणि शेजारच्या वाफ्यातला पालक मान टाकलेला दिसतो, त्यामागे पाण्याच्या पाळ्यांबरोबर हेही एक कारण असते.

बीटचा लाल रंग आणि द्राक्षाचा जांभळा रंग एकच का?

अजिबात नाही, आणि या विषयावर थोडे थांबणे योग्य होईल. तासगावची काळी द्राक्षे, जांभूळ, वांग्याची साल आणि लाल कोबी यांचा रंग अँथोसायनिन या वर्गातील रंगद्रव्यांचा असतो. बीटचा रंग बीटालेन या वर्गातील असून त्याच्या रेणूत नायट्रोजन असतो. अँथोसायनिनमध्ये तो नसतो. बीटालेनचे दोन उपवर्ग आहेत : लाल-जांभळे बीटासायनिन आणि पिवळे-केशरी बीटाझँथिन. पिवळ्या बीटमध्ये पहिला उपवर्ग तयारच होत नाही. एकाच वनस्पतीत बीटालेन आणि अँथोसायनिन दोन्ही नैसर्गिकरीत्या एकत्र आढळलेले नाहीत.

बीटालेन तयार करणाऱ्या वनस्पती एका विशिष्ट गणातच सापडतात, परंतु त्या आपल्या अंगणात आणि बांधावर भरपूर आहेत. बोगनवेल, गुलबक्षी, कोंबडा, लाल माठ, मयाळूची जांभळी फळे, घोळाची फुले आणि निवडुंगाची बोंडे या सर्वांचा रंग बीटालेनचाच. जत आणि आटपाडीच्या दुष्काळी माळावर ज्याच्या बागा उभ्या राहिल्या, त्या ड्रॅगन फ्रूटचा लाल गरही याच रंगाचा, कारण ते फळ निवडुंगाच्या कुळातील आहे. एकाच जिल्ह्यात, तासगावात एक रंग पिकतो आणि जतमध्ये दुसरा.

हा फरक घरी पाहता येतो. दोन वाट्यांत बीटचा रस आणि दोन वाट्यांत काळ्या द्राक्षांच्या सालीचा रस घ्यावा. एकेका वाटीत लिंबू पिळावे. द्राक्षाचा रस लगेच लालभडक होतो. बीटच्या रसात फारसा बदल दिसत नाही. उरलेल्या दोन वाट्यांत पानाच्या डबीतला चुना पाण्यात कालवून वर आलेली निवळी घालावी. द्राक्षाचा रस हिरवट-निळा होतो, तर बीटचा रस पिवळा पडतो, कारण तीव्र अल्कलीत बीटालेनचा रेणू तुटून त्याचा पिवळा भाग मोकळा होतो.

टायरोसिन या अमिनो आम्लापासून बीटालेन कसे तयार होते, याचे बरेच टप्पे गेल्या काही वर्षांत उलगडले आहेत. लाल रंगासाठी आवश्यक असलेले एक महत्त्वाचे जनुक २०१२ मध्ये, तर रंग गाठीच्या आतपर्यंत तयार करण्याचा हुकूम देणारे नियामक जनुक २०१५ मध्ये ओळखले गेले. दुसऱ्या जनुकाची कथा विशेष आहे : ज्या गटातील नियामक जनुके इतर वनस्पतींत अँथोसायनिनचे नियंत्रण करतात, त्याच गटातील हे जनुक असून बीटमध्ये त्याने मालक बदलला आहे. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर ई-१६२ असा क्रमांक आढळला, तर तो बीटच्या लाल रंगाचा समजावा.

बीट खाल्ल्यावर लघवी लाल होते. हा आजार आहे का?

सहसा नाही. साधारण दहा ते चौदा टक्के लोकांत असे होते. जठरातील आम्लता, शरीरातील लोहाची स्थिती आणि खाल्लेल्या बीटचे प्रमाण यांवर ते अवलंबून असते. बीट खाल्लेले नसताना लघवी लाल झाली, तर मात्र विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे.

कापल्यावर आत पांढरी कडी का दिसतात? बीट जुने आहे असे समजावे का?

कडी प्रत्येक बीटमध्ये असतात, आणि झाडाच्या खोडातील वर्षवलयांप्रमाणे ती वयाची खूण नसते. बहुतेक मुळांत जाडी वाढवणारा पेशींचा थर एकच असतो. बीटमध्ये असे अनेक थर एकाबाहेर एक तयार होतात, आणि तेही मूळ पेन्सिलीएवढे असतानाच बहुतेक मांडले गेलेले असतात. पुढे ते सर्व एकाच वेळी फुगत जातात. प्रत्येक थराच्या कडेला अन्नरस वाहणाऱ्या नळ्या असतात आणि त्यांच्या मधल्या जागेत साखर साठवणाऱ्या पेशी. नळ्यांच्या जवळच्या पेशी लहान असून त्यांत साखर दाट असते. दूरच्या पेशी मोठ्या आणि पाणथळ असतात. साखर पेशीतील रसधानीत, म्हणजे रस साठवणाऱ्या पिशवीत, भरणारा वाहक प्रथिनाचा रेणू २०१५ मध्ये ओळखण्यात आला.

थंडीत वाढलेल्या बीटमध्ये ही कडी गडद लाल रंगात झाकून जातात. मार्च-एप्रिलमध्ये काढलेल्या बीटमध्ये मात्र उष्णतेमुळे रंग कमी भरतो आणि पांढरी कडी उठून दिसतात. अशा बीटची चव थोडी फिकी असते, पण ते खराब झालेले नसते.

बीटला मातीचा वास का येतो?

तो वास जिओस्मिन या द्रव्याचा आहे. वळवाचा पहिला पाऊस पडल्यावर मातीला जो वास येतो त्यातही हेच द्रव्य असते, आणि मातीत ते मुख्यतः जिवाणू तयार करतात. त्यामुळे बीटला तो मातीतून लागत असावा, असे पूर्वी मानले जाई. परंतु जंतुविरहित काचपात्रात वाढवलेल्या बीटच्या रोपांतही जिओस्मिन सापडले. सालीत त्याचे प्रमाण सर्वाधिक असते, म्हणून जाड साल काढली आणि लिंबू पिळले की वास बराच उतरतो.

एक बी टोकले तरी तीन-चार रोपे का उगवतात?

कारण ज्याला आपण बी म्हणतो, ते वास्तविक एकमेकांना चिकटून वाळलेल्या अनेक फळांचा गठ्ठा असतो. प्रत्येक फळात एक बी, त्यामुळे एका जागी दोन ते पाच रोपे वर येतात. पंधरवड्याच्या आत विरळणी करून एका जागी एकच रोप ठेवावे लागते, नाहीतर गाठी एकमेकींना दाबून वेड्यावाकड्या होतात. विरळणीत निघालेली कोवळी रोपे टाकून देऊ नयेत. त्यांची भाजी पालकापेक्षा गोड होते, आणि ते पालकाचेच सख्खे असल्याने त्यात नवल नाही.

शुगरबीटच्या हजारो एकरांवर ही विरळणी वाकून हाताने करावी लागे, आणि युरोप-अमेरिकेत मजुरीचा तो मोठा खर्च होता. १९४८ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात व्ही. एफ. साविट्स्की या पैदासकाराला एका मोठ्या बीजोत्पादन क्षेत्रात अशी मोजकी झाडे सापडली, ज्यांच्या गठ्ठ्यात एकच बी होते. आज जगभर शुगरबीटची यंत्राने पेरणी होते ती एकबीजी वाणांची. आपल्याकडे मिळणारे लाल बीटचे बियाणे मात्र अजूनही बहुधा बहुबीजीच असते.

सांगलीत लावलेल्या बीटला बी का धरत नाही?

बीट हे द्विवर्षायू पीक आहे. पहिल्या वर्षी ते पाने आणि गाठ वाढवते, हिवाळ्याची दीर्घ थंडी सोसते आणि पुढील वसंतात दिवस मोठे होऊ लागल्यावर गाठीतील साखर खर्चून फुलोऱ्याचा दांडा उभारते. त्यासाठी साधारण चार ते दहा अंश सेल्सिअस तापमान कित्येक आठवडे सलग मिळावे लागते. आपल्याकडे डिसेंबरअखेरीस पहाटे हुडहुडी भरते खरी, परंतु दुपारी बारा वाजता शर्टाच्या बाह्या दुमडाव्या लागतात. एवढ्या थंडीने बीटची खात्री पटत नाही. म्हणून त्याचे बीजोत्पादन हिमाचल, काश्मीर यांसारख्या डोंगराळ थंड प्रदेशांत होते. देशी पालकाला मात्र एवढ्या थंडीची गरज नसल्याने तो मैदानातच दांडा काढतो आणि बी देतो.

या थंडीच्या हिशेबामागील जनुके २०१० आणि २०१२ मधील संशोधनातून पुढे आली. बीटमध्ये एफटी या जनुकाच्या दोन प्रती आहेत : एक फुलोरा आणते, तर दुसरी, रचनेने जवळजवळ तशीच असूनही, फुलोरा रोखून धरते. रोखणारी प्रत थंडीनंतर शांत होते. बीटीसी-वन नावाचे तिसरे जनुक या दोघींवर देखरेख करते. रानटी एकवर्षायू बीटमध्ये त्याचे कार्यक्षम रूप असते, तर लागवडीच्या द्विवर्षायू बीटमध्ये ते अंशतः दुबळे झालेले असते. गोड, मोठी गाठ हवी म्हणून माणसाने शेकडो वर्षे उशिरा फुलणारी झाडे निवडली, त्यात नकळत या जनुकाचीच निवड झाली.

बीट खाल्ल्याने रक्त वाढते का?

लाल रंगामुळे हा समज रुजला आहे. १०० ग्रॅम कच्च्या बीटमध्ये लोह सुमारे ०.८ मिलिग्रॅम असते. ही मात्रा फार नाही, आणि बीटमधील ऑक्झॅलेट त्या लोहाच्या शोषणात अडथळाही आणते. फोलेट मात्र चांगल्या प्रमाणात, १०० ग्रॅममध्ये १०० मायक्रोग्रॅमहून अधिक असते आणि रक्तपेशी तयार होण्यास ते लागते. तेव्हा बीट खावे, पण पंडुरोगावरील गोळ्या बंद करून नव्हे. गमतीची बाब अशी की स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये शुगरबीटमधील हिमोग्लोबिनचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे वनस्पतीचे स्वतःचे हिमोग्लोबिन असून शुगरबीट पांढरे असते; लाल रंगाशी त्याचा काही संबंध नाही.

रक्तदाबाविषयीचे संशोधन अधिक भक्कम आहे. बीट आणि पालक या दोहोंत नायट्रेट भरपूर असते. लंडनमध्ये २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी व्यक्तींना अर्धा लिटर बीटचा रस दिल्यावर सुमारे तीन तासांत त्यांचा वरचा रक्तदाब १० अंकांच्या आसपास उतरला. त्याच प्रयोगात ज्यांना लाळ गिळू न देता थुंकून टाकण्यास सांगितले, त्यांच्यात हा परिणाम दिसला नाही. कारण शोषलेले नायट्रेट लाळेतून पुन्हा तोंडात येते, जिभेवरील जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, आणि पुढे शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन रक्तवाहिन्या सैल होतात. २०१५ मध्ये उच्च रक्तदाबाच्या ६८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत रोज पाव लिटर रस चार आठवडे दिल्यावरही रक्तदाब उतरलेला आढळला, आणि रस थांबवल्यावर तो पुन्हा चढला. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी आणि रक्तदाबाची औषधे चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज रस पिऊ नये.

बीटपासून साखर काढण्याची सुरुवात कशी झाली?

बर्लिनमधील रसायनशास्त्रज्ञ आंद्रेआस मार्गग्राफ याने १७४७ मध्ये बीटच्या मुळातील साखर आणि उसाची साखर हे एकच द्रव्य असल्याचे दाखवले. त्याचा शिष्य फ्रान्झ कार्ल आखार्ड याने सायलेशियातील (आजच्या पोलंडमधील) कुनर्न येथे पहिला बीट साखर कारखाना उभारला. १८०२ मध्ये त्यात काम सुरू झाले. इंग्रजी आरमाराने वेस्ट इंडीजच्या साखरेची वाट अडवल्यावर नेपोलियनने १८११ मध्ये ३२,००० हेक्टरवर बीट पेरण्याचा आदेश काढला.

शास्त्राच्या दृष्टीने खरी झेप त्यानंतरची आहे. आखार्डच्या बीटमध्ये साखर सहा टक्क्यांच्या आसपास होती. फ्रान्समधील लुई द व्हिल्मोरँ याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गाठी मिठाच्या पाण्यात टाकून पाहिल्या : ज्या बुडतील त्यांचा रस दाट, म्हणून त्या बियाण्यासाठी ठेवायच्या. पुढे प्रत्येक मातृवृक्षाची संतती वेगळी लावून तिची परीक्षा घेण्याची रीत त्याने घालून दिली. या निवडीतून आणि नंतरच्या पैदाशीतून आजच्या वाणांत साखर १८ टक्क्यांपर्यंत, काहींत त्याहूनही अधिक पोहोचली आहे.

मग सांगली-साताऱ्यात उसाऐवजी शुगरबीट का लावू नये?

वरवर पाहता हिशेब बीटच्या बाजूचा दिसतो. उसाला एका पिकासाठी साधारण १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागते. शुगरबीटला ५५० ते ७५० मिलिमीटर. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रान अडवतो; बीट पाच-सहा महिन्यांत निघते. याच आशेने उष्ण हवेला मानवणारे शुगरबीटचे वाण २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात आले आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने त्यांच्या चाचण्या घेतल्या. त्याआधी राजस्थानातील श्रीगंगानगरच्या कारखान्यात बीटपासून प्रत्यक्ष साखर काढली जात होती. तरीही आपल्या भागात हे पीक रुजले नाही, आणि माझ्या मते त्याची कारणे शेतकऱ्याच्या अनिच्छेत नसून वनस्पतीच्या स्वभावात आहेत.

पहिले कारण कारखान्याचे. ऊस चरकात पिळतात; बीट पिळता येत नाही. त्याच्या बारीक लांबट फोडी करून सत्तर अंशांच्या गरम पाण्यात साखर विरघळवून घ्यावी लागते, आणि तो रस शुद्ध करण्याची रीतही आपल्या बहुतेक कारखान्यांतील गंधकाच्या धुराच्या रीतीपेक्षा वेगळी आहे. त्याहून मोठी अडचण इंधनाची. उसाचे चिपाड बॉयलरमध्ये जाते, त्यावर कारखाना चालतो आणि वीजही विकतो. बीटचा चोथा ओला असतो. तो जनावरांना उत्तम, जाळायला निरुपयोगी. म्हणजे इंधन विकत आणणे आले.

दुसरे कारण हवामानाचे. गळीत हंगाम उसाने संपल्यावर एप्रिल-मेमध्ये बीट गाळावे, असा विचार मांडला जात असे. युरोपात काढणीनंतर बीटचे ढीग थंडीत काही आठवडे, प्रसंगी महिने टिकतात. आपल्या एप्रिलच्या उन्हात तीच गाठ श्वसनाने स्वतःची साखर जाळू लागते आणि काही दिवसांतच मऊ पडून कुजते. शेतातही उष्ण, दमट रानात स्क्लेरोशियम बुरशीमुळे होणारी मूळकूज भारतातील शुगरबीटचा मोठा शत्रू ठरली आहे. भुईमुगाची आणि सोयाबीनची झाडे बुडाशी पांढऱ्या जाळीने मरतात, ती हीच बुरशी.

तिसरे कारण बियाण्याचे. बीटचा खोडवा नसतो, दर वर्षी नवे बी लागते, आणि ते आपल्याकडे तयार होत नाही, कारण थंडी नाही. उसाचे बेणे शेजारच्या फडातून येते. कोइमतूरला तयार झालेल्या 'को ८६०३२'पासून फलटण तालुक्यातील पाडेगावच्या संशोधन केंद्राच्या 'फुले २६५'पर्यंत वाणांची जी साखळी उसामागे उभी आहे, तशी बीटमागे नाही. पाणी वाचवायचे असेल तर ठिबक, पाचट आच्छादन आणि उसाचे क्षेत्र मर्यादित ठेवून त्यात हरभरा-भाजीपाल्याची फेरपालट हा मार्ग मला अधिक खात्रीचा वाटतो.

बीटची साखर ओळखता येते का?

चवीने येत नाही, दोन्ही सुक्रोजच. प्रयोगशाळेत मात्र येते. सी-फोर पद्धतीचा ऊस हवेतील जड कार्बन-१३ तुलनेने अधिक स्वीकारतो, सी-थ्री पद्धतीचे बीट त्याला जास्त टाळते, आणि हे प्रमाण साखरेच्या कणात कायम राहते. याच कसोटीवर मधातील उसाच्या साखरेची भेसळ पकडतात. बीटची साखर फुलांतील मधाप्रमाणेच सी-थ्री असल्याने ती या कसोटीतून निसटते आणि तिच्यासाठी इतर चाचण्या लावाव्या लागतात. बीटचा गूळ मात्र होत नाही; न शुद्ध केलेल्या रसाला उग्र वास आणि कडवटपणा असतो.

क्षारपड जमिनीत बीट येते असे ऐकले. मिरज-वाळव्याकडच्या चोपणात लावावे का?

प्रश्न रास्त आहे, परंतु क्षारपड आणि चोपण हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, तेथे घोटाळा होतो. क्षारपड जमिनीत विद्राव्य क्षार जास्त असतात. उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो. चोपण जमिनीत मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम जास्त असतो, सामू (पीएच) साडेआठच्या वर जातो. पाऊस पडला की चिखल, वाळली की दगड, आणि पाणी वरच साचते. कृष्णाकाठच्या काळ्या, भारी जमिनीत वर्षानुवर्षे पाट भरून पाणी दिल्याने आणि निचरा नसल्याने हे दोन्ही प्रकार निर्माण झाले आहेत.

क्षारांपुरते पाहिले तर बीटची कीर्ती खरी आहे. मातीतील क्षार तिच्या अर्काच्या विद्युतवाहकतेवरून मोजतात; ही वाहकता सुमारे ७ डेसिसायमन प्रति मीटर होईपर्यंत शुगरबीटचे उत्पादन घटत नाही, लाल बीटची हीच मर्यादा ४ आहे, तर उसाची केवळ १.७. समुद्रकाठच्या पूर्वजाकडून आलेली युक्ती अशी : बीट सोडियम पेशीतील रसधानीत कोंडून ठेवते, पोटॅशियमची काही कामे त्याच्याकडूनच करून घेते, आणि पेशीच्या उरलेल्या भागात ग्लायसिन बीटाइन नावाचे द्रव्य साठवून पाण्याचा तोल सांभाळते. हे द्रव्य एकोणिसाव्या शतकात बीटच्या रसातूनच प्रथम वेगळे केले गेले, म्हणून त्याचे नाव बीटाइन.

परंतु ही सहनशीलता मोठ्या रोपाची आहे. उगवताना बीट नाजूक असते आणि वाहकता ३ च्या वर गेली की उगवण घटते. म्हणून अशा रानात पेरणीपूर्वी गोड पाण्याने वरचा थर धुऊन वाफसा येऊ द्यावा आणि बी सरीच्या उतारावर, मध्याच्या खाली टोकावे, कारण क्षार वरंब्याच्या माथ्यावर गोळा होतात. चोपणात मात्र अडचण क्षारांहून मातीच्या घडणीची असते. गाठीला फाटे फुटतात आणि काढताना कुदळ मोडायची वेळ येते. तेथे आधी जिप्सम, धैंचा आणि निचऱ्याचे चर किंवा जमिनीखालील सच्छिद्र पाइप हेच करावे लागते. बीटने शोषलेला सोडियम पाल्याबरोबर शेताबाहेर जातो, पण निचऱ्याच्या पाण्याने वाहून जाणाऱ्या क्षारांपुढे तो नगण्य असतो. कसबे डिग्रज येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे; माती-पाण्याचा तपासणी अहवाल हाती घेऊन तेथे जावे, नुसते वर्णन सांगून सल्ला मागू नये.

रानटी बीटवर एवढे संशोधन का होते?

लागवडीचे सर्व शुगरबीट सायलेशियातील एका पांढऱ्या बीटपासून आलेले असल्याने त्याचा वारसा अरुंद आहे. रोग आला की प्रतिकार रानातून आणावा लागतो. इटलीत ओत्ताव्हियो मुनेराती याने पो नदीच्या मुखाजवळचे समुद्री बीट संकरात वापरले, आणि पानांवरील सर्कोस्पोरा ठिपक्यांना दाद न देणारे वाण त्यातून पुढे आले. १९५० च्या दशकात इटलीतच दिसलेल्या रायझोमेनिया या विषाणुरोगात मुळांना दाढीसारखे केस फुटून साखर निम्म्यावर येते. मातीतील एक सूक्ष्म परजीवी तो पसरवतो, फवारणीचा उपयोग होत नाही. त्यावरील आरझेड-टू हे प्रतिकारक जनुक डेन्मार्कच्या किनाऱ्यावरील समुद्री बीटमधून मिळाले. सूत्रकृमींना रोखणारे एक जनुक बीटच्या दूरच्या रानटी नातेवाइकातून १९९७ मध्ये वेगळे केले गेले.

शुगरबीटचा संपूर्ण जनुकसंच २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २७,४२१ प्रथिन-जनुके मोजली गेली. तणनाशक सहन करणारे जनुकबदल केलेले शुगरबीट अमेरिकेत २००८ पासून मोठ्या प्रमाणावर लावले जाते. भारतात अशा कोणत्याही बीटला परवानगी नाही. दुकानदार काहीही सांगो.

गाठीच्या आत काळे डाग आणि पोकळी आढळते. कीड आहे का?

बहुधा बोरॉनची कमतरता असते. आमच्याकडच्या चुनखडीयुक्त जमिनीत ती अधिक दिसते, कारण सामू वाढला की बोरॉन मुळांना मिळेनासे होते. कोवळी मधली पाने काळी पडून वाळणे ही पहिली खूण. माती परीक्षणानंतरच बोरॅक्स द्यावे. गरज आणि विषबाधा यांतील अंतर या द्रव्यात फार थोडे असते.

शाळेत करता येईल असा बीटचा एखादा प्रयोग सुचवाल का?

पेशीपटलाचा प्रयोग सर्वांत सोपा. बीटच्या सारख्या जाडीच्या चकत्या कापून त्या तीस, चाळीस, पन्नास, साठ आणि सत्तर अंशांच्या पाण्यात प्रत्येकी एक मिनिट बुडवाव्यात, मग साध्या पाण्याच्या पाच परीक्षानळ्यांत अर्धा तास ठेवाव्यात. चाळिसापर्यंत पाणी जवळजवळ नितळ राहते आणि साठाच्या पुढे ते गडद होते, कारण रसधानीचे पटल उष्णतेने फाटून बीटालेन बाहेर येते. चकत्या कापल्यावर नळाखाली, रंग यायचा थांबेपर्यंत, धुऊन घ्याव्यात. ही पायरी गाळली तर कापताना फुटलेल्या पेशींच्या रंगाने तीस अंशांची नळीही गुलाबी होते, आणि मग मुले थर्मामीटर बिघडला म्हणून तक्रार घेऊन येतात.